गुरांचा डॉक्टर किती कोसांवर?



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची आपल्याकडची प्रथा 1875 सालची. न्यायमूर्ती रानडे यांनी ती पुण्यात सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून इतिहास, वाङ्मय, धर्म, राजकारण यांसारख्या भारदस्त विषयांची चर्चा होत आली. त्या मानाने माझा आजचा विषय गोठ्यातला आहे. आपण माणगावकर आता बहुतेक शहरवासीच झालो. महामार्ग दारावरून जातो, कोकण रेल्वे थांबते, आणि पुष्कळांच्या घरी गाय बांधायला जागाही उरलेली नाही. मग गुरांच्या डॉक्टरची उठाठेव आपण कशाला करावी? हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आपल्या देशाला पशुवैद्यक नवे नाही; घोड्यांचे वैद्यक शालिहोत्राच्या नावावर आणि हत्तींचे पालकाप्याच्या नावावर फार पूर्वीपासून चालत आले आहे. आधुनिक पशुवैद्यक मात्र इंग्रजांच्या लष्कराबरोबर आले. पुण्यात 1862 साली पशुवैद्यकाची शाळा निघाली ती लष्कराची होती. सरकारला घोड्यांची चिंता होती, शेतकऱ्याच्या बैलाची नव्हे. बैलाकडे लक्ष गेले ते बुळकांडीमुळे. या रोगाने गावेच्या गावे ओस पडत. एका पंधरवड्यात दावण रिकामी होई आणि पुढल्या पावसात नांगराला जू घालायला जनावर उरत नसे. सरकारने नेमलेल्या गुरांच्या साथींच्या आयोगाने 1871 साली आपला अहवाल दिला. त्यानंतर मुंबईत परळला, सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या उदारपणाने उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आवारात, 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. 1889 साली पुण्यातच गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली.

म्हणजे या विद्येचे आपल्या इलाख्यातले वय दीडशे वर्षांच्या घरात आहे. आज नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी महाविद्यालये चालतात. विद्या आहे, विद्यार्थी आहेत, पदव्या आहेत. तरीही ताम्हिणीच्या पायथ्याच्या एखाद्या धनगरवाड्यावर रात्री म्हैस अडली तर डॉक्टर मिळत नाही. असे का?

‘डॉक्टर कमी आहेत’ हे सोपे उत्तर आहे आणि ते खोटेही नाही. पण ते अर्धे आहे. आपण एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 साली असा दंडक सुचवला की पाच हजार मोठ्या जनावरांमागे एक पशुवैद्य असावा. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 40 लाख गाईबैल, 56 लाख म्हशी आणि 1 कोटी 33 लाख शेळ्यामेंढ्या मोजल्या गेल्या. दहा शेळ्यामेंढ्या म्हणजे एक मोठे जनावर असे धरले, तर एकूण बेरीज सुमारे 2 कोटी 9 लाख होते. तिला पाच हजारांनी भागले की उत्तर येते 4,200 च्या आसपास. आता गंमत पाहा. राज्यातले गुरांचे सरकारी दवाखाने साडेचार हजारांच्या वर आहेत! म्हणजे कागदावर आपण आयोगाच्या परीक्षेत पास झालो.

मग माशी शिंकते कोठे? इतकी वर्षे या दवाखान्यांचे दोन वर्ग होते. श्रेणी-1 च्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी; आणि श्रेणी-2 च्या दवाखान्यात पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेला पशुधन पर्यवेक्षक. संख्येने अधिक होते ते दुसऱ्या श्रेणीचे. 2025 साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या 2,795 पदांसाठी एकाच वेळी जाहिरात काढली, यावरून उणीव किती मोठी होती याची कल्पना यावी. इमारत होती, पाटी होती, कपाट होते. पाटीमागे डॉक्टर नव्हता. ही पदे भरणे अगत्याचे आहे, याविषयी दुमत नाही.

परंतु समजा, उद्या प्रत्येक दवाखान्यात डॉक्टर बसला. आपल्या तालुक्यातला प्रश्न सुटेल काय? मला तसे वाटत नाही, आणि आज जे सांगायचे आहे ते नेमके हेच आहे. पाच हजारांमागे एक हे माप डोक्यांचे आहे. देशावरच्या सपाट मुलखात पाच हजार जनावरे चारसहा गावांत भेटतात. डॉक्टर मोटारसायकलवर बसला की दुपारपर्यंत फेरी पुरी करतो. आपल्याकडे तीच जनावरे वाड्यावाड्यांतून, कोंडाकोंडांतून, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेली असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. निजामपूरच्या पुढे, पाटणूसच्या बाजूला आषाढात एखादा ओढा भरून वाहू लागला की पलीकडची वस्ती त्या दिवसापुरती दुसऱ्या देशात जाते. येथे डॉक्टरची टंचाई डोक्यांनी मोजून भागत नाही. ती तासांनी मोजली पाहिजे.

कारण रोग तासांनी चालतो. फऱ्या झालेले धट्टेकट्टे तरणे जनावर सकाळी लंगडते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मरून पडते. घटसर्पात गळ्याला सूज येते, श्वास घरघरतो, आणि एकदोन दिवसांत खेळ आटोपतो. पावसाळ्याच्या तोंडी कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर तुटून पडलेल्या करडांना आंत्रविषार गाठतो, तेव्हा मालकाला आजार दिसण्याआधी मरण दिसते. पोटफुगीला काही तासांचाच अवकाश असतो. वासरू अडले तर गाय आणि वासरू दोन्ही वाचवण्याची वेळ अर्ध्या दिवसाच्या आत सरते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता उघडणारा दवाखाना या रोगांच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

आणि मरते ते काय? आपली कोकणातली गाय अंगाने लहान, दुधाला बेताची. पण या पावसाला, या चढउतारांना, या निकृष्ट पेंढ्याला टिकणारी. ‘कोकण कपिला’ या नावाने तिची आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. डोंगरातल्या गवळी-धनगरांची सारी मिळकत म्हशींत असते. आज एक दुभती म्हैस लाखाच्या घरात जाते. आदिवासीवाडीवरच्या कातकरी बाईच्या चार शेळ्या ही तिची पेढी असते. मुलाचे दुखणे निघाले की एक विकायची, लग्न निघाले की दोन. त्या शेळ्या एका आठवड्यात गेल्या तर त्या घराची पेढी बुडाली, आणि या पेढीचे ठेवीदार कोणत्याही कचेरीत दाद मागू शकत नाहीत. मग सावकाराचा उंबरठा आणि पुढच्या हंगामाची उचल. गुरांच्या डॉक्टरचा प्रश्न हा कर्जाचा आणि स्थलांतराचाही प्रश्न आहे, तो असा.

आता डॉक्टर डोंगरात का जात नाही, हेही न्यायबुद्धीने पाहू. त्याला दोष देणे फार सोपे आहे. साडेपाच वर्षे शिकून तो बाहेर पडतो. शहरात कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला तर त्याला रोख पैसे आणि रात्रीची झोप मिळते. खेड्यात त्याला राहायला नीट घर नाही, मुलांना शाळा दूर, आणि त्याच्या वाट्याला एकाऐवजी दोनतीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार. कामाच्या दिवसाचा पुष्कळ भाग योजनांचे अर्ज, कानातले बिल्ले, तक्ते आणि बैठका यांत जातो. आज या महाविद्यालयांतून मुलीही मोठ्या संख्येने पदवी घेऊन बाहेर पडतात; त्यांना रात्री एकटीने घाटात जायला सांगायचे तर वाहन, सोबती आणि सुरक्षित निवास द्यायला नको काय? नुसत्या सेवाभावाच्या उपदेशावर कोणतेही खाते चालत नाही.

याहून खोल असे एक कारण आहे. जेथे दूध रोज गोळा होते तेथे डॉक्टर दुधामागून आपोआप जातो. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूध संघाने हेच केले. त्रिभुवनदास पटेल आणि पुढे वर्गीस कुरियन यांच्या काळात दुधाच्या गाडीच्या वाटेवर गुरांचा डॉक्टरही फिरू लागला, आणि त्याचा खर्च दुधाच्या पैशातून निघू लागला. आपल्या कोल्हापुरात 1963 साली स्थापन झालेला गोकुळ संघही सभासदांच्या गुरांसाठी अशी सेवा चालवतो. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ ही संस्था काढली. तिचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर ‘जनावर दवाखान्यात आणू नका, सेवा दारात न्या’. या तिन्ही ठिकाणी डॉक्टर आभाळातून पडला नाही. दुधाने, संघटनेने आणि नियमित फेरीने त्याला ओढून आणले. आपल्याकडे दूध थोडे, विखुरलेले आणि बहुतांशी घरात किंवा शेजारी खपणारे. म्हणून डॉक्टरला ओढणारी ती दोरीच नाही. ती दोरी आपल्याला दुसऱ्या कशाची तरी वळावी लागेल.

आणि दोरी वळेपर्यंत जागा रिकामी राहत नाही, हेही ध्यानात घ्या. डॉक्टर नसला की औषध थेट दुकानातून येते, आणि सुई कोणाच्याही हातात जाते. अर्धवट मात्रेत प्रतिजैविके टोचली जातात. इंजेक्शननंतर काही दिवस दूध विकू नये हे सांगायला कोणी नसते, आणि ते दूध आपल्या चहात येते. याचे सर्वांत भयंकर उदाहरण आपल्या शेजारच्या म्हसळा तालुक्याला ठाऊक आहे. तेथे चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती आहे. या जातीची गिधाडे 1990 नंतरच्या पंधरा वर्षांत भारतातून नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कारण निघाले डायक्लोफेनॅक, दुखणे थांबवणारे एक स्वस्त औषध. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. 2006 साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 साली त्या बाटल्यांचा आकार 3 मिलिलिटरवर आणावा लागला. 2023 साली तसल्याच आणखी दोन औषधांवर गुरांसाठी बंदी आली. कायदा करणे सोपे; पण गोठ्यात शहाणा माणूस पोचला नाही तर तेथे दुकानदारच डॉक्टर होतो.

शहरवासीयांनी या विषयात का पडावे, याचे उत्तर आता तुमच्या लक्षात आले असेल. गाय पुन्हापुन्हा गाभडते तो सांसर्गिक गर्भपाताचा रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या वारेच्या स्पर्शातून माणसाला होतो. पिसाळलेला कुत्रा गाय आणि माणूस असा भेद करत नाही. गोठा आजारी पडला की त्याची झळ बाजारपेठेपर्यंत येते.

मग उपाय काय? मला तो तीन पायऱ्यांचा दिसतो. वरच्या पायरीवर पदवीधर डॉक्टर: रोगनिदान, शस्त्रक्रिया, अवघड प्रसूती, साथीचा बंदोबस्त हे त्याचे काम, आणि ते दुसऱ्या कोणी करू नये. मधल्या पायरीवर पर्यवेक्षक. आणि खालच्या पायरीवर, जेथे आज काहीच नाही तेथे, वस्तीतलाच एक शिकवून तयार केलेला माणूस. शक्यतो बाई, कारण शेळ्या, कोंबड्या आणि गोठा बाईच्याच हाती असतो, आणि लग्न होऊन आलेली बाई वाडी सोडून मुंबईला जाण्याचा संभव तरुण मुलापेक्षा कमी. ‘पशुसखी’ या नावाने असे काम महाराष्ट्रात बचत गटांच्या द्वारे सुरू झालेले आहे. जंताचे औषध वेळेवर पाजणे, जखम धुऊन बांधणे, आजारी जनावर वेगळे काढणे, लसीकरणाच्या दिवशी वाडीतली सारी जनावरे एका जागी जमवणे, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरला फोन कधी करायचा हे ओळखणे: इतके तिला आले तरी पुष्कळ झाले.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. डॉक्टर म्हणतात, ‘अर्धवट शिकलेल्यांच्या हाती सुई दिलीत तर वैदूंचे राज्य येईल.’ मी या भीतीचा आदर करतो. गिधाडांची गोष्ट मी त्याचसाठी सांगितली. पण कायद्याने याचा विचार करून ठेवला आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात नोंदणीकृत डॉक्टरखेरीज कोणी पशुवैद्यकाचा व्यवसाय करू नये असे म्हटले आहे, आणि त्यालाच जोडून लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली करू देण्याची मुभा राज्यांना दिली आहे. येथे ‘देखरेख’ हा शब्द महत्त्वाचा. पशुसखीचा अधिकार तर याहूनही मर्यादित राहील: तिच्याकडे सुई नको, प्रतिजैविके नकोत, तिच्याकडे तापमापक, वही आणि डॉक्टरचा नंबर हवा. ती डॉक्टरची जागा घेणार नाही. ती त्याचे डोळे आणि कान होईल.

आणि हे स्वप्नरंजन नव्हे. बुळकांडी या जगातून गेली. भारतात तिचा शेवटचा रोगी जनावर 1995 साली आढळला, आणि 2011 साली ती साऱ्या पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. शेवटी ती कोठे अडून बसली होती? इथिओपियातल्या अफार लोकांच्या रखरखीत प्रदेशासारख्या ठिकाणी, जेथे सरकारी पथके पोचत नव्हती. मग उन्हात काही दिवस टिकणारी लस तयार झाली, आणि ती टोचायला त्याच गुराख्यांतले लोक शिकवून तयार केले गेले. डॉक्टरांनी योजना आखली, लस दिली, तपासणी केली. सुई मात्र गुराख्याच्या हाती होती. जे काम मोठमोठ्या पथकांना जमले नाही ते त्यांनी थोड्या काळात उरकले. आपल्याकडेही 2022 साली लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा काय झाले? सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांसाठी फुकट उपलब्ध केली, खासगी डॉक्टर आणि महाविद्यालयांतले शिकाऊ विद्यार्थी यांना मदतीला घेतले, आणि काही आठवड्यांत राज्यभर लसीकरणाची मोहीम चालवली. संकटात जे जमते ते एरवी का जमू नये?

सरकारने आणखी एक साधन दिले आहे. 1962 या क्रमांकावर फोन केला की फिरते पथक बोलावता येते. त्यात एक डॉक्टर, एक सहायक आणि गाडी असते. पण केंद्राच्या योजनेचे माप एक लाख जनावरांमागे एक गाडी असे आहे. एक गाडी एका वेळी एकाच वाटेला जाणार. गाडी वाटेवर असताना गोठ्यात काय करायचे आणि काय करू नये, हे सांगणारा माणूस वाडीत नसेल तर गाडी पोचेपर्यंत जनावर राहत नाही.

शेवटी, आपण काय करावे? मी सरकारकडे मागण्यांची यादी वाचणार नाही. ती यादी आपले लोकप्रतिनिधी जाणतात आणि आपण त्यांना ती वारंवार आठवण करून द्यावी, इतकेच. पण चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आपल्या भागात नेमणूक होऊन येणाऱ्या डॉक्टरला राहायला बरी जागा मिळवून देणे, हे गावाचे काम आहे. घर मिळाले की माणूस टिकतो. दुसरे, ज्या वाड्या दूर आहेत तेथे एकेक बाई निवडून तिच्या शिक्षणाचा आणि पुढच्या मानधनाचा भार ग्रामपंचायत, बचत गट आणि येथले व्यापारी यांनी वाटून घ्यावा. फुकट काम फार दिवस चालत नाही. तिसरे, गावच्या औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवाचून गुरांसाठी प्रतिजैविके आणि वेदनाशामके देऊ नयेत, असा निश्चय आपसांत करावा. चौथे, आसपासच्या दवाखान्यांतील डॉक्टरांनी रात्रीच्या पाळ्या आपसांत लावून घ्याव्यात आणि त्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी; सर्वांनी रोज जागण्यापेक्षा एकाने एक रात्र जागणे बरे.

आणि हे सारे उद्यावर टाकण्यासारखे नाही. आज वैशाखाचे दिवस आहेत. मृग लागायला थोडेच आठवडे उरले. घटसर्प, फऱ्या आणि शेळ्यांचा आंत्रविषार यांच्या लशी पावसाच्या आधी टोचायच्या असतात. ओढे भरल्यावर लस चढत नाही आणि डॉक्टरही चढत नाही. आज गुरे उन्हाळ्याची मोकाट आहेत, ती एका दिवशी एका जागी जमवणे हेच या कामातले सर्वांत अवघड अंग आहे, आणि त्याला पदवी लागत नाही, मनुष्यबळ लागते. आपल्यापैकी प्रत्येकाचे कोठल्या तरी वाडीत मूळ घर आहे, चुलता आहे, मामा आहे. येत्या रविवारी तेथे जावे, दवाखान्यात लसीची तारीख विचारावी, आणि त्या दिवशी गुरे जमवायला दोन तास द्यावेत. डॉक्टर किती कोसांवर आहे, हे आपण एकदम बदलू शकत नाही. पण त्याची एक फेरी वाया जाऊ न देणे आपल्या हातात आहे, आणि या पावसापुरते तेवढ्याने पुष्कळ गोठे भरलेले राहतील.